पाटीवरचा आकडा कोणासाठी?

१. ढाब्यावरचा प्रश्न

‘रस्ता मोकळा, गाडी नवी, हात बसलेला. मग साठच्या पाटीला जुमानायचं कशासाठी?’ भालकीचं बसस्टँड असो, हुमनाबादचा ढाबा असो की आळंदचा बाजार, हा प्रश्न कुठेही ऐकायला मिळतो. विचारणारा उर्मट नसतो. वेगमर्यादा ही नवशिक्यांसाठी, जुन्या खटारा गाड्यांसाठी, नाहीतर पोलिसांना पावत्या फाडता याव्यात म्हणून केलेली सोय आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं. त्याला नीट उत्तर द्यायचं, तर आधी हा रस्ता डोळ्यांसमोर आणावा लागेल.

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या उत्तर टोकाचे जिल्हे. पुणे-सोलापूरकडून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ उमरगा सोडल्यावर कर्नाटकात शिरतो, बसवकल्याणच्या फाट्यावरून हुमनाबादला येतो आणि पुढे जहीराबादकडे तेलंगणात उतरतो. नांदेडहून उदगीर, बिदर, हुमनाबाद करत कलबुर्गी आणि पुढे विजयपूरकडे जाणारा महामार्ग ५० त्याला हुमनाबादला छेदतो. त्यामुळे केए ३८, केए ३९, केए ५६ आणि केए ३२ या इथल्या पाट्यांबरोबर लातूर, उदगीर, धाराशिव, सोलापूरच्या एमएच गाड्या आणि तेलंगणाच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत असतात. गाणगापूरला दत्तदर्शनाला निघालेली कार, माणसांनी खच्चून भरलेली क्रूझर, मजूर बायकांना शेतावरून घरी नेणारी टमटम, कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आणि मालाने लादलेला सोळा चाकी ट्रक हे सगळे एकाच पट्ट्यात. सुगीत कडेची अर्धी पट्टी सोयाबीनने, नाहीतर तुरीने झाकलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच गावातलं सर्वांत स्वच्छ खळं असतं.

‘मोकळा रस्ता’ म्हणतो तो हा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले आहेत. मेलेल्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. जवळजवळ ३३ हजार तर पायी चालणारे होते. त्यांच्या हाती ना स्टिअरिंग होतं, ना ब्रेक.

२. ‘दिसलं’ आणि ‘थांबलो’ यांच्या मधलं अंतर

एक सोपं कोष्टक पाठ करून ठेवावं. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्याच हिशोबाने ३६ म्हणजे १० मीटर, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २० आणि ९० म्हणजे २५. कागद-पेन्सिल न घेता पुढचं सगळं गणित यावर करता येतं.

आता समजा, बांधावरून एक म्हैस रस्त्याकडे निघाली. ती डोळ्यांना दिसणं, ती थांबणार नाही हे मेंदूला उमगणं आणि बोटं ब्रेकवर जाणं, एवढ्याला सावध माणसालाही दीड सेकंदाच्या आसपास लागतो. फोनवर बोलणाऱ्याला किंवा रात्रभर जागलेल्याला याहून जास्त. या दीड सेकंदात गाडीला काहीच कळलेलं नसतं. ती आधीच्याच वेगाने पळत असते. वेग ५४ असेल, तर ब्रेकला हात लागण्याआधीच साडेबावीस मीटर रस्ता संपलेला असतो.

मग ब्रेक लागतो. डांबर कोरडं आहे, टायर बरे आहेत, चालवणाराही बऱ्यापैकी तयार आहे, असं धरू. अशा वेळी वेग दर सेकंदाला साधारण ताशी १८ किलोमीटरने उतरतो. म्हणजे ५४ वरून शून्यावर यायला तीन सेकंद. या तीन सेकंदांतला सरासरी वेग सेकंदाला साडेसात मीटर, म्हणून आणखी साडेबावीस मीटर. एकूण ४५ मीटर.

हाच हिशोब ७२ साठी करून पाहू. दीड सेकंदात ३० मीटर. उतरायला चार सेकंद, सरासरी १० मीटरने ४० मीटर. एकूण ७०. आणि ३६ ने जाणाऱ्याला? आधी १५, मग १०, एकूण २५ मीटर पुरतात. ९० वाल्याला पुरते १०० मीटर लागतात.

यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ३६ चे ७२ झाले, म्हणजे वेग दुप्पट झाला; पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर १० वरून ४० वर, चौपट गेलं. आपलं मन मात्र वेग आणि अंतर सारख्याच प्रमाणात वाढतात असं धरून चालतं. ‘अजून लांब आहे, थांबेल’ हा अंदाज म्हणूनच चुकतो.

मोटारसायकलवाल्यांसाठी इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे बहुतेकांना ‘पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील’ असंच शिकवलेलं असतं. पण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. नुसता पायाचा ब्रेक मारणाऱ्याचं अंतर बरंच वाढतं आणि मागचं चाक घसरतं ते वेगळंच. यावर उपाय म्हणून एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना नियम लागू झाला. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि लहान दुचाकीला दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीची गाडी असेल, तर दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाब वाढवत लावण्याचा सराव मोकळ्या मैदानात करावा.

३. उरलेला वेग

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा हिशोब आता येतो.

दोघे जण शेजारीशेजारी चालले आहेत. एकाचा वेग ५४, दुसऱ्याचा ७२. बरोबर ४५ मीटरवर टमटममधून एक बाई उतरते आणि रस्ता ओलांडायला लागते. दोघांनाही ती एकाच क्षणी दिसते, दोघेही तितक्याच चपळाईने ब्रेक लावतात. पहिला तिच्या अगदी पुढ्यात येऊन थांबतो. ती घाबरते, बोलते, आणि घरी जाते.

दुसऱ्याचं काय होतं? त्याचे ३० मीटर ब्रेक लागण्याआधीच गेले. उरले १५. तेवढ्यात त्याचा वेग उतरून उतरून किती उतरेल? बहुतेक जण सांगतात, ‘वीस-पंचवीसचा राहिला असेल.’ गणिताचं उत्तर ताशी ५७ किलोमीटर आहे. पहिला मुळात ज्या वेगाने चालला होता, त्याहूनही अधिक वेगाने दुसरा तिच्यावर आदळतो, आणि तेही ब्रेक लावून.

हे असं का होतं? पहिली बाब, मेंदूला लागणाऱ्या दीड सेकंदात वेगवान गाडी जास्त रस्ता खाते. दुसरी, ब्रेकिंगच्या पहिल्या मीटरांत वेग फारच थोडा उतरतो, कारण गाडी ते मीटर झपाट्याने ओलांडून जाते. वेग खरा पडतो तो शेवटच्या टप्प्यात, आणि तो टप्पाच इथे हाती राहिलेला नसतो. ‘अठरानेच तर जास्त होतो’ असं म्हणणाऱ्याला ही बेरीज दिसत नाही. त्याने ओलांडलेले अठरा किलोमीटर धडकेच्या जागी सत्तावन्न होऊन उभे राहतात.

वाचवलेला वेळही मोजून पाहावा. भालकी ते बिदर साधारण ४० किलोमीटर धरले, तर ५४ च्या वेगाने ४४ मिनिटं लागतात, ७२ ने ३३. फरक ११ मिनिटांचा. तोही वाटेत एकही गाव, गतिरोधक किंवा ट्रॅक्टर लागला नाही तर. हिशोबातली ही ११ मिनिटं प्रत्यक्षात पाच-सहावरच येतात, हे या रस्त्याने रोज जाणाऱ्याला ठाऊक आहे.

४. विहिरीच्या मापाने

धडकेचा जोर आकड्यांत सांगितला, तर अंगावर येत नाही. म्हणून तो आपल्या शिवारातल्या विहिरीच्या मापाने सांगतो. ताशी ३६ ने अंग एखाद्या कठीण वस्तूवर आदळणं म्हणजे सतरा फूट खोल कोरड्या विहिरीत पडणं. ५४ ने आदळणं म्हणजे अडतीस फुटी विहीर. ७२ ने आदळणं म्हणजे सदुसष्ट फुटी. इथेही वेग दुप्पट झाला की खोली चौपट. मागच्या हिशोबातला ‘उरलेला’ ५७ चा वेग बेचाळीस फुटांवर येतो.

हेल्मेट ही विहीर उथळ करत नाही. आतल्या थर्मोकोलसारख्या जाड थराने ते डोकं थांबायला लागणारा वेळ किंचित वाढवतं आणि धक्का पसरवतं. तेवढ्यानेही किती फरक पडतो, हे जगभरातले अभ्यास एकत्र तपासून पाहिलं आहे. दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. अट एवढीच, की ते आयएसआय मार्कचं, कान झाकणारं आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेलं असावं. रस्त्याच्या कडेला मिळणारी अर्धी टोपी पोलिस चौकी ओलांडण्यापुरती उपयोगी पडते. रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्याला नाही. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही जानेवारी २०१६ पासून हेल्मेट सक्तीचं आहे. तरी बिदरहून निघालेल्या मोटारसायकलवर पुढे हेल्मेट घातलेला नवरा, मागे उघड्या डोक्याची बायको आणि दोघांच्या मध्ये लेकरू, हे चित्र रोजचं आहे. मला ते पाहवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. वेग आणि मृत्यू यांचं हे वाढतं नातं स्वीडनच्या गोरान निल्सन या संशोधकाने रस्त्यांवरची वेगमर्यादा बदलल्यानंतरच्या नोंदींवरून मांडलं. एका माणसाच्या कौशल्याचा त्यात प्रश्नच येत नाही. सगळ्यांनी मिळून थोडा वेग कमी केला, की मरणारे कमी होतात.

५. रात्र, उसाची ट्रॉली आणि उभा ट्रक

दिवसाचा हिशोब रात्री पार बदलतो. गाडीच्या खालच्या झोताचा, म्हणजे डिपरचा, उजेड साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच कामाचा असतो. मागचा आकडा आठवा: ५४ ने थांबायला ४५ मीटर. याचा अर्थ डिपरवर ताशी ५५ च्या वर जाणारा प्रत्येक जण, आपल्याला अजून न दिसलेल्या रस्त्यावर गाडी घालत असतो. लहान मोटारसायकलचा दिवा मंद असेल, काचेवर चिखल असेल, तर ही सीमा आणखी खाली येते. समोरून वरचा झोत मारत कोणी आलं, तर ते गेल्यावरही काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी राहते. त्या क्षणांत ७२ ची गाडी सेकंदाला २० मीटर कापत असते.

गळिताच्या हंगामात, दिवाळीपासून पुढे, या अंधारात उसाचे ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंनी आणि मागे लोंबणारा ऊस, त्या उसाखाली झाकून गेलेला मागचा लाल दिवा (तो असलाच तर), आणि वर मोठ्याने वाजणारी गाणी. ट्रॉलीचा वेग ताशी पंधरा-वीस. मागून येणाऱ्याला पाचटाचा रंग आणि रस्त्याचा रंग वेगळा दिसतच नाही. चाकाच्या वर, ऊस जिथे लोंबत नाही अशा जागी, चमकणारी लाल पट्टी चिकटवायला फारसा खर्च नाही. कारखान्यांनी ती वजनकाट्यावरच लावून द्यावी आणि पट्टी नसेल त्या ट्रॉलीचा ऊस उतरवून घेऊ नये. हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही.

उभ्या वाहनाचा धोका याहून मोठा. २७ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कलबुर्गीजवळ सावळगी इथे आळंद रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवर एक कार आदळली आणि सात जण गेले. त्यांत एक गरोदर बाई होती. आळंदहून कलबुर्गीच्या दवाखान्याकडे निघालेली ही माणसं होती. अशा वेळी कोणाची चूक मोठी, यावर वाद होतो. पण रस्त्यावर धोका होईल अशा रीतीने वाहन सोडून जायला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं, हे ट्रकवाल्यांना कितीदा सांगितलं जातं? बिघडलेला ट्रक डांबराच्या बाहेर घेणं, घेता येत नसेल तर मागे पुरेशा अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवणं, चारही इंडिकेटर चालू ठेवणं, एवढं केलं तर मागच्याला त्याचे ४५ मीटर मिळतात. फांदी तोडून रस्त्यावर टाकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अंधारात तीही दिसत नाही.

दुसरी घटना ४ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळची. बिदर जिल्ह्याच्या चिटगुप्पा तालुक्यात बेमळखेड्याजवळ शेतमजुरी करून घरी निघालेल्या बायकांची ऑटो आणि ट्रक यांची धडक झाली. सात बायका मेल्या. ढाब्यावरच्या प्रश्नाचं उत्तर याच ठिकाणी मिळतं. पाटीवरचा आकडा तुमच्या गाडीच्या ताकदीवरून आणि तुमच्या हाताच्या सफाईवरून काढलेला नसतो. त्या रस्त्यावर तुमच्याशिवाय आणखी कोण आहे, त्यांच्याभोवती पत्रा किती जाड आहे आणि त्यांना ओलांडायला किती वेळ लागतो, यावरून तो काढावा लागतो.

६. मर्यादा ठरवतं कोण

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे केंद्र सरकार वाहनाच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवतं. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा घालू शकतो आणि तशी पाटी लावू शकतो. एप्रिल २०१८ मधल्या केंद्राच्या अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मोटारसायकलला ८० आणि मालट्रकला ८० अशी कमाल मर्यादा होती. इतर साध्या रस्त्यांवर कारला ७०, मोटारसायकलला ६०, ट्रकला ६०. तीनचाकीला दोन्हीकडे ५०. ही वाढीव मर्यादा सगळ्यांना पटली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. वाहनचालकाने मात्र या वादात न पडता समोरच्या पाटीकडे पाहावं. लाल वर्तुळातला आकडा बंधनकारक असतो. पाटीवरचा बाकीचा मजकूर कन्नडमध्ये असला, तरी उदगीरच्या किंवा उमरग्याच्या माणसाला आकडा वाचता येतोच.

शिवाय ‘कमाल’ म्हणजे तेवढ्या वेगाने चालवायची मुभा, हा समज चूक आहे. पाऊस, धुकं, बाजाराचा दिवस, मैलारच्या खंडोबाची जत्रा, शाळा सुटण्याची वेळ. अशा वेळी पाटीपेक्षा कमी वेगाने जाणाऱ्यालाही बेदरकार ठरवता येतं. परिस्थितीला धोकादायक असा वेग किंवा चालवण्याची तऱ्हा, असंच कलम १८४ चं स्वरूप आहे. त्याला पहिल्या गुन्ह्यात सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

७. पोलिसांना वेग कळतो कसा

‘साहेबांनी अंदाजाने पावती फाडली’ ही नेहमीची तक्रार. हातात धरायच्या स्पीडगनमधून डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर किरणांचे असंख्य ठोके एका सेकंदात गाडीवर जातात आणि परत येतात. प्रत्येक ठोक्याला परत यायला लागलेल्या वेळेवरून गाडीचं अंतर कळतं आणि अंतर किती भराभर कमी होतंय त्यावरून वेग. नंबरप्लेटचा फोटो, वेळ आणि जागा त्यातच नोंदली जाते.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅमेरे असतात. १० किलोमीटर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी ताशी १२० झाली. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून सुटका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून असे कॅमेरे आहेत.

या यंत्रांनाही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमावलीत आलेल्या नियम १६७अ प्रमाणे यंत्राला दर वर्षी मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, कॅमेरा असल्याची सूचना देणारी पाटी आधी लावावी लागते आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते. अशी यंत्रं बसवण्यासाठी याच नियमात ज्या १३२ शहरांची यादी आहे, त्यात कलबुर्गी आहे. चुकीची पावती आली असेल, तर फोटो मागण्याचा आणि न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, तो वापरावा.

८. सीमेपलीकडची पावती

‘गाडी एमएच आहे, कर्नाटकातली पावती आपल्याला कुठे लागते?’ लागते. कायदा केंद्राचा आहे आणि ई-चलान नंबरप्लेटवरून देशभरच्या वाहन नोंदणीशी जोडलं जातं. वेगळी असते ती तडजोडीच्या दंडाची रक्कम, कारण ती प्रत्येक राज्य ठरवतं. २०१९ च्या सुधारणेने अतिवेगाला हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार रुपये ठेवले. कर्नाटकाने त्याच सप्टेंबरात कारला एक हजार ठरवले, तर महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये दोन हजार. जड वाहनांना दोन्हीकडे याहून जास्त. १ ऑगस्ट २०२४ पासून कर्नाटकात ताशी १३० च्या वर गेलेल्या चालकावर नुसती पावती न फाडता गुन्हा दाखल करण्याचं धोरण आहे.

थकलेल्या चलानांवर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये निम्मी सूट दिली. तिजोरीत पैसे आले, रांगा लागल्या. पण मला ही पद्धत पटत नाही. दंड किती मोठा आहे यापेक्षा पकडले जाण्याची खात्री किती आहे, यावर माणसाचा वेग ठरतो, हे अनेक देशांच्या अनुभवातून दिसलं आहे. ‘भरू नका, सूट येईल’ हे एकदा लोक शिकले, की ती खात्रीच विरघळते. त्यापेक्षा हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावर आठवड्यातून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी, न चुकता गस्त उभी राहिली, तर पावतीची रक्कम कमी असूनही वेग उतरेल. कलबुर्गीत २०१९ मध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ हा नियम आला, तेव्हा हेल्मेटं दिसू लागली. कारण पंप टाळता येत नाही.

९. गाडी कोणाच्या नावावर?

दहावीतला मुलगा ‘जरा दूध आणतो’ म्हणून गाडी काढतो, बाप कौतुकाने पाहतो. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे मालकालाच सिद्ध करावं लागतं.

विम्याचंही तसंच. विनापरवाना चालकाने कोणाला जखमी केलं, तर न्यायाधिकरण बऱ्याचदा विमा कंपनीला आधी जखमीला भरपाई द्यायला सांगतं आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. लाखांतला आकडा असतो तो. शेत विकायची वेळ येते. दुसरीकडे, स्वतःच्याच बेदरकारपणामुळे मेलेल्या चालकाच्या कुटुंबाला भरपाई नाकारणारा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निर्णय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

१०. धडक झाल्यावर

चालकाने पळून जाऊ नये. कलम १३४ प्रमाणे जखमीला जवळच्या दवाखान्यात नेणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जमावाची भीती असेल, तर थेट पोलिस ठाणं गाठावं.

पाहणाऱ्यांनीही कचरू नये. ‘मदत केली की कोर्टाच्या चकरा’ हा समज आता जुना झाला. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा देशात प्रथम कर्नाटकाने केला. २०१६ सालच्या त्या कायद्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. नाव सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्याला पैसे मागता येत नाहीत. १०८ ला फोन करावा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावं. मान वाकवू नये, आणि जखमीला पाणी पाजू नये. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. बिदरच्या किंवा कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात पेशंट आणल्यावर हे आवर्जून विचारावं.

११. आकडा बदलून घेता येतो

गावाजवळची मर्यादा जास्त वाटत असेल, पाटीच नसेल, किंवा शाळेपुढे रस्ता ओलांडणं जिवावर बेतत असेल, तर गावकऱ्यांना त्यावर दाद मागता येते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तिच्याकडे अर्ज करावा, एक प्रत पोलिस अधीक्षकांना आणि एक रस्ता ज्या खात्याचा आहे त्याला द्यावी. राष्ट्रीय महामार्गाची तक्रार १०३३ वरही नोंदवता येते. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला कलम १९८अ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात त्याचा उल्लेख असावा.

‘अपघात फार होतात, काहीतरी करा’ असा अर्ज फायलीत पडून राहतो. त्याऐवजी किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहावा. सकाळी सात ते नऊ या वेळात किती मुलं, किती बायका, किती बैलगाड्या रस्ता ओलांडतात ते दोन-तीन दिवस मोजून लिहावं. गावच्या वळणापासून समोरची गाडी किती मीटरवर दिसते, ते टेपने मोजावं. ती ४५ मीटरवर दिसत असेल, तर तिथे ५४ च्या वरची कोणतीही मर्यादा चालणार नाही, आणि हे सांगायला इंजिनिअरची गरज नाही. वर दिलेलं कोष्टक अर्जाला जोडावं. मागणीही नेमकी असावी: गावाच्या दोन्ही बाजूंना ४० ची पाटी, तिच्याआधी खडबडीत पट्ट्या, ओलांडण्याच्या जागी पांढरे पट्टे आणि दिवा, आणि उसाच्या हंगामात रात्रीची गस्त.